सोसायटीच्या गेटला आरएफआयडी बसवून ११ महिने झाले, जसं आहे तसं सांगतो

आधीच सांगतो, मी चेअरमन सेक्रेटरी काही नाही, कमिटीत नुसता मेंबर आहे. गेटला आरएफआयडी, म्हणजे गाडीवरचा टॅग वाचून आपोआप गेट उघडणारं मशीन, बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण मीटिंगला उशिरा गेलो आणि तोवर सगळ्यांनी मिळून माझं नाव लिहून टाकलं होतं. संभाजीनगरला बीड बायपासला आमची सोसायटी, ११२ फ्लॅट, चारचाक्या ७० च्या आसपास, दुचाक्या कोणी मोजल्याच नाहीत, घरटी दोन धरा. आता दुसऱ्या दोन तीन सोसायटीवाले फोन करून विचारायलेत की बसवावं का, किती पैसे लागले, चालतंय का, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यानं बसवलं त्याचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, फोन उचलत नाही एवढंच.

आमच्याकडं आधी काय होतं तर लोखंडी पाइप, त्याच्या एका टोकाला रंगाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट भरून केलेलं वजन आणि दुसऱ्या टोकाला दोरी. वॉचमन मामा दोरी सोडायचे, पाइप वर जायचा, गाडी गेली की दोरी ओढून खिळ्याला अडकवायची. दहा वर्षं चाललं, बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण शेजारी मंगल कार्यालय झालं आणि सगळं फिसकटलं. बायपासला राहणाऱ्यांना सांगायला नको, तुळशीचं लग्न लागलं की पुढं सगळ्या तिथींना पाव्हण्यांच्या गाड्या कुठं कुठं लागतात ते. एमएच २१, एमएच २३, एमएच २२, जालना बीड परभणी सगळा मराठवाडा आमच्या पार्किंगमध्ये. मामांनी विचारलं की "बी विंगला जायलोय" म्हणून सांगायचं आणि फेटा बांधून पलीकडं जेवायला. एकदा तर नवरदेवाची फुलं लावलेली गाडीच माझ्या जागेवर उभी होती, आता ती काढा म्हणून कुणाला सांगणार.

मग तीन कोटेशन मागवली. आमचं फायनल झालं ते २ लाख ४० हजार अधिक जीएसटी, म्हणजे २ लाख ८३ हजार २००, घरटी अडीच हजाराच्या थोडं वर. त्यात इन आणि आऊट असे दोन बूम बॅरिअर (मोटरवर वर खाली होणारी दांडी, तिलाच बूम म्हणतात), टॅग वाचणारे दोन रीडर, कंट्रोलर, केबिनमध्ये एक कॉम्प्युटर, यूपीएस आणि ३०० टॅग. मीटिंगमध्ये अर्धा तास टॅगच्या रंगावर चर्चा झाली, लूप म्हणजे काय हे कोणीच विचारलं नाही, मी पण नाही. ते आम्हाला पुढं महागात पडलं, सांगतो.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, कारण अर्ध्या लोकांना वाटतं टॅगमध्ये बॅटरी असते. नसते. कागदासारखं स्टिकर, आत एक बारीक चिप आणि तिला जोडलेला चपटा अँटेना. खांबावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींवरच चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते, तो नंबर यादीत असला की कंट्रोलर बूमला सांगतो उघड. आपल्याकडं यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय मोकळा ठेवलेला आहे. आणि हो, फास्टॅग म्हणजे हीच भानगड. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलला फास्टॅग कंपल्सरी झाला तेव्हापासून सगळ्यांच्या काचेवर एक आरएफआयडी टॅग चिकटलेलाच आहे, फक्त आपण त्याला त्या नावानं ओळखत नाही.

म्हणून बसवणारा म्हणाला, सर वेगळे टॅग कशाला, फास्टॅगच वाचू की. मला पटलं, पण ए विंगच्या अप्पांना नाही. अप्पांचं म्हणणं असं की फास्टॅग वाचला म्हणजे पैसे कटणार, सोसायटीत येताना वीस जाताना वीस. किती समजावलं की अप्पा, इथं फक्त नंबर वाचतात, पैसे कटायला टोलनाक्यामागं बँक लागते, आपल्या गेटमागं फक्त मामांची खुर्ची आहे. मान हलवली. पुढच्याच आठवड्यात अप्पा मुलासोबत समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आले, समृद्धीवर टोल उतरताना कटतो, त्याचा मेसेज यायला उशीर झाला आणि तो नेमका कधी यावा तर आमचा बूम वर जात असताना. अप्पा गाडीतून उतरले, मोबाइल वर धरून, "बघा! म्हणलो होतो की नाही!" ते प्रकरण दोन दिवस चाललं. मेसेजमध्ये टोलनाक्याचं नाव होतं तरी.

तर चारचाकीचं सांगायचं तर एक नंबर काम आहे, यात वाद नाही. गेटपासून चार पाच मीटरवर गाडी आली की बूम वर जायला लागतो, काच खाली करायची नाही, हॉर्न नाही, रात्री एक वाजता कुणी आलं तरी पहिल्या मजल्यावरच्यांची झोप मोडत नाही. मंगल कार्यालयाच्या गाड्या पहिल्या महिन्यातच बंद झाल्या. आता ते बाहेर रोडवर लावतात आणि आमचं गेट अर्धं अडवतात ही गोष्ट वेगळी, त्याला आरएफआयडी काय करणार.

पण काही गाड्या वाचतच नव्हत्या. नऊ का दहा गाड्या. मालक लोक चिडलेले, पैसे आमचे पण घेतले ना म्हणून. कारण काय निघालं, तर काच. मे महिन्यात इथं पारा ४२ ४३ ला जातो त्यामुळं जो तो ऊन अडवणारी फिल्म मारून आणतो (२०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मला बंदी घातली तरी कोण ऐकतं). काही फिल्ममध्ये धातूचा बारीक थर असतो आणि धातूतून ह्या लहरी जात नाहीत, विषय संपला. एक दोन गाड्यांची कंपनीचीच काच तशी होती. त्या सगळ्यांना हेडलाइटवर चिकटवायचा वेगळा टॅग दिला, तो चालतोय. डी विंगच्या एक काकू टॅग काचेला चिकटवायला तयारच नव्हत्या, काच खराब होते म्हणे, पर्समध्ये ठेवायच्या आणि गेटला आल्या की पर्स उंच धरायच्या. कधी चालायचं कधी नाही. पर्समध्ये टॅगच्या मागं पाण्याची भरलेली बाटली असायची, आणि पाणी ह्या लहरी पिऊन टाकतं. हे कळायला आम्हाला महिना लागला.

फास्टॅग वापरायचा निर्णय अर्धा बरोबर अर्धा चूक निघाला. वेगळं चिकटवायची कटकट नाही, टॅग काढून दुसऱ्याला देता येत नाही, काढला की फाटतो, हे चांगलं. पण लोक बँक बदलतात, काच फुटली की नवी काच नवा फास्टॅग, आणि नवा फास्टॅग म्हणजे नवा नंबर. तो आमच्या यादीत नसतो. मग रात्री साडेदहाला गेटवरून मला फोन, "अहो उघडंना गेले." आणि ज्यांनी फास्टॅगच्या शेजारी चिकटून सोसायटीचा टॅग पण लावला त्यांचे दोन्ही टॅग एकमेकांच्या पायात पाय घालतात, कधी हा वाचतो कधी तो, कधी एकही नाही. बोटभर नाही, चांगलं वीतभर अंतर ठेवा. आरशामागं काचेला काळे ठिपके असलेला पट्टा असतो तो सोडून खाली लावा. आता नवीन येणाऱ्याला आम्ही सोसायटीचाच टॅग देतो.

आता दुचाकी. इथं मी सरळ दोन मार्क देतो पाचपैकी. संभाजीनगरची सोसायटी म्हणजे दुचाक्यांची सोसायटी, सकाळी आठच्या आत चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, सगळी कंपनीची गर्दी एकदम बाहेर पडते. स्कूटीला टॅग पुढच्या काळ्या प्लॅस्टिकवर लावला तर वाचतो, खाली पत्रा असला तर वाचत नाही, साधा टॅग पत्र्यावर लावला की मेलाच म्हणून समजा. एका मागं एक चार गाड्या आल्या की पहिल्याच्या टॅगवर चौघं जातात, टॅग असो नसो. आणि बूम खाली असला तरी खांबाच्या आणि भिंतीच्या मधून स्कूटी आरामात निघते, तशी जागा ठेवलीच होती कारण तिथून पायी माणसं जातात. म्हणजे पोरं टॅगच्या भानगडीत पडतच नाहीत. एकाच्या हेल्मेटवर बूम आपटला, लागलं नाही, पण त्या दिवसापासून सकाळी आठ ते साडेनऊ आऊटचा बूम उघडाच ठेवायचा असं मामांनी आपल्या मनानं ठरवलं. कमिटीला विचारलं नाही, बरोबर केलं.

याच दुचाकीवरून एक मोठी गंमत झाली. डिसेंबरातली गोष्ट. रात्री अडीचला मामांचा फोन, आवाज बदललेला. "साहेब, जरा खाली या. दांडी आपोआप वर जायलीय." मी स्वेटर घालून खाली. आणि खरंच, गेटवर गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं सुद्धा नाही, आणि इनचा बूम शांतपणे वर गेला, थोडा वेळ थांबला, खाली आला. मामा माझ्याकडं बघायलेत, मी मामांकडं. पाच मिनिटांनी पुन्हा. मग आम्ही घड्याळ लावून बसलो तर बरोबर पाच मिनिटाला एकदा, अगदी नेमानं. मामांचं मत काय होतं ते सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी केबिनच्या दाराला लिंबू मिरची लटकत होती.

सकाळी कॉम्प्युटर उघडून बघितलं तर रात्रभर एकच नंबर, सी विंगच्या एका ॲक्टिव्हाचा. त्या पोरानं थंडी होती म्हणून गाडी खाली पार्किंगला न नेता केबिनच्या भिंतीला लावली होती, रीडरपासून जेमतेम तीन मीटर. टॅगला काय माहीत गाडी उभी आहे का चालू आहे. रीडर तिला सारखा वाचत होता, फक्त तोच नंबर पाच मिनिटांत परत आला तर दुर्लक्ष करायचं अशी सेटिंग असते, ती पाच मिनिटं संपली की ह्याला वाटायचं नवीन आली. उपाय अगदी साधा होता, रीडरची ताकद कमी करायची. बसवणाऱ्यानं ती फुल ठेवली होती, ३० डीबीएम म्हणजे १ वॅट, मी त्याला फोनवर विचारून २३ केली, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा, आणि रीडरचं तोंड जरा रस्त्याच्या बाजूला वळवलं. लिंबू मिरची मामांनी काढली नाही. राहू द्या म्हणलं.

आता खरं दुखणं, टँकर. ज्यांच्याकडं रोज नळाला पाणी येतं त्यांना हे समजणार नाही. आमच्या शहराला पाणी जायकवाडीचं, पण नळाला येतं ते किती दिवसांनी विचारू नका, आणि बायपासच्या ह्या बाजूला तर टँकरशिवाय उन्हाळा निघतच नाही. एप्रिल मेमध्ये दिवसाला सहा सात खेपा. त्यात मोठे टँकर थोडे आणि ट्रॅक्टरला जोडलेले जास्त. आम्ही शहाणपणा करून टँकरवाल्याला पण एक टॅग दिला, दर वेळी मामांनी उठायला नको म्हणून. त्यानं तो कार्डवाला टॅग खिशात ठेवला आणि त्याच्या तिन्ही ट्रॅक्टरचे ड्रायव्हर आळीपाळीनं वापरायला लागले. ते एक वेळ चाललं असतं.

पण आऊटच्या बाजूला बूम खाली कधी यायचा हे कोण ठरवतं, तर सेन्सर. चांगल्या कामात रस्ता कापून खाली तारेचं वेटोळं पुरतात, त्याला लूप म्हणतात, वर लोखंड आहे तोवर बूम खाली येत नाही. कोटेशनमध्ये "लूप डिटेक्टर" असं लिहिलं होतं, किती ते लिहिलं नव्हतं. इनला बसवला. आऊटला नुसता फोटोसेल, म्हणजे दोन खांबांवर समोरासमोर दोन डोळे, मधला किरण तुटला की गाडी आहे, किरण जुळला की गाडी गेली. कारला ठीक आहे. आता ट्रॅक्टर टँकर डोळ्यासमोर आणा. पुढं ट्रॅक्टर, मागं टँकर, आणि मध्ये? मध्ये एक हूक आणि दोन हात मोकळी हवा. ट्रॅक्टर गेला, मोकळी जागा आली, किरण जुळला, मशीनला वाटलं गेली गाडी, बूम खाली. थेट हुकाच्या वर, आणि मागून टँकर येतोयच, ड्रायव्हरला मागं काही दिसत नाही. ॲल्युमिनियमची दांडी अशी वळली जशी भाकरी दुमडतो तशी. ड्रायव्हर उतरला, बघितलं, म्हणाला "भाई, ये तो पहले से टेढा था क्या?" आणि निघून गेला.

नवीन दांडी सात हजार. बसवणारा म्हणाला वाहनाची धडक वॉरंटीत येत नाही. अहो पण तुमचाच दांडा वाहनावर पडलाय, वाहन दांड्यावर नाही! बरीच बाचाबाची झाली, शेवटी निम्मे त्यानं निम्मे आम्ही, आणि लूपचे वेगळे पैसे देऊन आऊटला लूप टाकून घेतला, रस्त्यावर कटर चालवून, जे पहिल्या दिवशीच व्हायला पाहिजे होतं. तरीसुद्धा ट्रॅक्टरसाठी लूपवर पूर्ण विश्वास ठेवू नका, हूक जमिनीपासून बराच वर असतो, लूपला लोखंड लांब गेलं की कळेनासं होतं. आमच्याकडं आता ट्रॅक्टर आला की मामा हातात रिमोट घेऊन उभे राहतात आणि टँकर पूर्ण बाहेर गेला की बटण दाबतात. टँकरवाल्याचा टॅग परत घेतला.

लाइटचं पण सांगायला पाहिजे. यूपीएसवर रीडर आणि कॉम्प्युटर दोन तास चालतात, पण बूमची मोटर त्याच्यावर जोडलेलीच नव्हती, हे पहिली लाइट गेली तेव्हा कळलं. हातानं दांडी वर करायला मोटरच्या डब्याचं कुलूप उघडून आतलं चाक फिरवावं लागतं, आणि चावी कोणाकडं, तर सेक्रेटरींकडं, आणि सेक्रेटरी पुण्याला मुलीकडं. दीड तास गेट बंद. आता ती चावी केबिनमध्ये खिळ्याला असते, त्याच जुन्या दोरीच्या खिळ्याला.

सर्व्हिसबद्दल लिहायचं तर पहिले दोन महिने माणूस फोन केला की तासात हजर. पेमेंटचा शेवटचा हप्ता गेला आणि मग "सर उद्या येतो", "सर साइटवर आहे", "सर गावाकडं आलोय". शेवटचा हप्ता तीन महिने अडवून ठेवा. हे मी फुकट सांगायलोय, आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक गोष्ट जी विकत घेताना कोणाच्या डोक्यात येत नाही. हे मशीन प्रत्येकाची येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवतं. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ माझ्या घरी आले, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच, "आमचा मोठा रात्री कितीला येतो ते जरा बघून सांगता का." मी नाही म्हणलो तर राग आला त्यांना, बोलत नाहीत आता फारसं. आणि दुसरीकडं एक मॅडम, हॉस्पिटलला ड्युटी असते, रात्री उशिरा येतात, त्यांना कमिटीतल्याच एकानं जिन्यात म्हणलं "काल बराच उशीर झाला." त्या बाई एवढ्या भडकल्या, आणि बरोबर भडकल्या. २०२३ ला आपल्याकडं वैयक्तिक डेटाचा कायदा झालेला आहे, पण कायद्याचं सोडा, शेजाऱ्याचं घड्याळ बघत बसणं हेच वाईट. आम्ही आता रेकॉर्ड ३० दिवसच ठेवतो, कॉम्प्युटरला पासवर्ड, आणि चोरी बिरी झाली तर लेखी अर्जावर दोन जणांसमोर बघायचं. हे बसवायच्या आधीच ठरवा.

टॅगची कॉपी होते का असं एका पोरानं ग्रुपवर विचारलं होतं. होऊ शकते. टॅगमध्ये दोन नंबर असतात, एक पुन्हा लिहिता येतो, दुसरा कारखान्यातच कोरलेला असतो. सिस्टिम पहिलाच बघत असेल तर स्वस्तातला कोरा टॅग आणून कोणीही लिहू शकतो. आमची पहिलाच बघते. बसवणाऱ्याला म्हणलं तर, "सर, सोसायटीत कोण कॉपी करायला बसलंय." तसं बघितलं तर बाजूला स्कूटीएवढी जागा मोकळी असताना कॉपी करायची गरजच काय.

तर घ्यायचं का? चारचाक्या पन्नासच्या वर असतील आणि बाहेरच्यांच्या पार्किंगचा त्रास असेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. दुचाक्याच जास्त असतील तर त्यांच्यासाठी वेगळी चिंचोळी वाट करा, नाहीतर रोज सकाळी भांडणं. आणि ही सिस्टिम घेतली म्हणून वॉचमन कमी करायचा विचार असेल तर अजिबात घेऊ नका, आमच्या मीटिंगमध्ये पण एकानं तो हिशोब मांडला होता, एका वॉचमनचा पगार वाचेल म्हणून. मामांना अर्ध्या सोसायटीच्या गाड्या हॉर्नवरून ओळखू येतात. रीडरला आमच्या शेजारणीचा बदललेला फास्टॅग अजून ओळखू येत नाही.

आता एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचा विषय आलाय, बसवणारा वर्षाला २४ हजार मागायलाय, पार्ट वेगळे. सप्टेंबर संपायच्या आत जनरल बॉडी घ्यावीच लागते, त्यात ठरेल, माझं मत १५ च्या वर द्यायचे नाहीत. कारण गेल्या चार महिन्यांत जी काही सर्व्हिस झाली ती मामांनीच केली. बायपासच्या धुळीनं फोटोसेलचे डोळे दोन दिवसांत आंधळे होतात आणि बूम वरचा खालीच येईना होतो. मामा रोज सकाळी केबिनमागची जुनी बनियन ओली करून दोन्ही डोळे पुसतात, मग चहा.